निवटीचे अस्तित्व खाडीच्या चिखलपट्टीवर अवलंबून

ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या चिखलावर सरपटणारा आणि मधूनच उडी घेणारा निवटी हा लहान मासा मुंबई, ठाणे व रायगड जिल्ह्यांतील खाडीकाठच्या रहिवाशांच्या परिचयाचा आहे. कोळी आणि आगरी समाजाच्या आहारातही त्याला स्थान आहे. मात्र, ज्या चिखलावर तो जगतो, ती जागा अनेकदा पडीक समजली जाते.

निवटीचा समावेश पूर्वी गोबी कुळात होत असे. नव्या वर्गीकरणानुसार त्याला ऑक्सुडर्सिडी या कुळात स्थान देण्यात आले आहे. या दोन्ही कुळांतील बहुतेक मासे आकाराने लहान असून ते उथळ पाण्याच्या तळाशी राहतात. मुंबई परिसरात आढळणाऱ्या बोलिओफ्थॅल्मस डुसुमिएरी या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन १८३७ मध्ये करण्यात आले.

पाण्याबाहेर असताना निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून ठेवतो, तसेच ओलसर त्वचेद्वारे आणि तोंडाच्या आतील अस्तराद्वारे हवेतील प्राणवायू घेतो. छातीजवळच्या परांच्या आधारे तो चिखलावर पुढे सरकतो. सूर्यप्रकाशात चिखलावर वाढणारे सूक्ष्म शैवाल हे या प्रजातीचे मुख्य खाद्य आहे. भरतीच्या वेळी तो बिळात आश्रय घेतो. या गटातील अनेक माशांची अंडीही बिळातील हवेच्या कप्प्यात वाढतात. त्यामुळे भराव टाकला गेल्यास या माशाचे खाद्य, निवारा आणि प्रजननाची जागा एकाच वेळी नष्ट होते.

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्ट्यांचा समावेश अतिसंवेदनशील क्षेत्रात करण्यात आला आहे. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, तर २०२२ मध्ये या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला.

खाडीच्या संरक्षणाचा विचार करताना बहुधा कांदळवनांकडेच लक्ष वेधले जाते. कांदळवने महत्त्वाची असली, तरी उघड्या चिखलपट्टीवर त्यांची लागवड केल्यास तेथे सावली पडते आणि शैवालाची वाढ खुंटते. म्हणूनच झाडे नसलेला चिखल हीदेखील जपण्याजोगी परिसंस्था आहे. ती टिकली, तरच निवटी आणि त्यावर गुजराण करणारे बगळे व मच्छीमार यांचा आधार कायम राहील.