आंब्याच्या बुडाशी ओतलेली दवा जाते कुठे?



जुलैच्या मध्यावर पावसाने जरा उघडीप दिली की पाड्यांवर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "ताई, शेठ आंब्याच्या बुडाशी दवा ओतायला सांगतो. ओतू का?"

शेठ म्हणजे झाडे कराराने घेणारा व्यापारी. आणि झाडे म्हणजे आपल्या वाडीतली. १९८२ साली बाएफ संस्थेने गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी गावांत वाडीचे काम सुरू केले. एकरभर जागेत आंबा-काजू आणि मधल्या पट्ट्यात नागली, वरई, भाजीपाला, अशी ती पद्धत. पुढे ती आपल्याकडे जव्हार-मोखाड्यातही पोहोचली. ज्या कुटुंबांनी खांद्यावरून पाणी वाहून कलमे जगवली, त्यांची झाडे आता फळाला आली आहेत. म्हणून हा प्रश्न साधा नाही.

त्या दवेचे नाव पॅक्लोब्युट्राझोल. बाजारात सगळे तिला 'कल्टार' म्हणतात, दुकानदार 'संजीवक' म्हणतो. माझ्या मते संजीवक हे नाव फसवे आहे. ही दवा झाडाला वाढवत नाही, थांबवते.

ते कसे, हे समजायला भाताकडे यावे लागेल. जपानात भाताला एक विचित्र रोग होई. रोपे वेड्यासारखी उंच वाढत आणि लोळत. एइची कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवून दिले की एक बुरशी काही द्रव्य सोडते, त्यामुळे हे होते. त्या द्रव्याला पुढे जिबरेलिन असे नाव मिळाले. नंतर कळले की झाडे स्वतःही ते थोडे थोडे तयार करतात आणि त्याच्या जोरावर नवी फूट लांबते. पॅक्लोब्युट्राझोल झाडाला हे जिबरेलिन तयार करू देत नाही. पालवी आवरली जाते, साठवलेले अन्न मागे उरते आणि मोहोर लवकर व जास्त येतो. एक वर्ष फळ आणि एक वर्ष रिकामे, ही आंब्याची खोडही त्यामुळे कमी होते. दवेचा फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

आता ती झाडात शिरते कशी? बुंध्याजवळची जाड मुळे झाडाला धरून ठेवतात, पण पाणी पितात ती लांबवरची बारीक, पांढरी मुळे. पाण्यात विरघळलेली दवा त्या मुळांच्या बाहेरच्या थरांत, पेशींच्या मधल्या फटींतून झिरपते. पण आत गाभ्यापाशी मुळाने एक बंदोबस्त केलेला असतो. विटांच्या सांध्यात सिमेंट भरावे तसा पाणी न शिरू देणारा एक पट्टा तिथे असतो. फटींतली वाट तिथे संपते, आणि पुढे जायचे तर जिवंत पेशीच्या पडद्यातूनच जावे लागते. पुष्कळ क्षार तिथे अडतात किंवा निवडून आत घेतले जातात. पॅक्लोब्युट्राझोल मात्र तेलात सहज मिसळणारे असल्याने पडदा ओलांडून जाते. एकदा गाभ्यातल्या पाण्याच्या नळ्यांत पोहोचले की काम सोपे. पाने वाफ सोडत पाणी वर ओढतात आणि पाण्याबरोबर दवाही फांद्यांच्या शेंड्यापर्यंत चढते.

पण वाट एकेरी आहे. भातातल्या तणावर मारतात ते टू-फोर-डी हेसुद्धा माणसाने बनवलेले वाढ-द्रव्यच, मात्र ते पानावर पडून अन्नाच्या नळ्यांतून खाली मुळांच्या टोकापर्यंत उतरते. पॅक्लोब्युट्राझोल अन्नाच्या त्या वाटेने जवळजवळ जातच नाही. म्हणूनच ते फवारत नाहीत, मुळाशी देतात. चढलेले औषध परत काढताही येत नाही.

देण्याची रीत यावरूनच ठरली आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस अशी: झाड दहा वर्षांच्या पुढचे आणि निरोगी हवे. काळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. झाडाच्या घेराचा व्यास मोजायचा आणि दर मीटरला ३ मिली बाजारी औषध घ्यायचे. सहा मीटरच्या झाडाला १८ मिली झाले. बाटलीच्या टोपणाने अंदाज नको. ते ३ ते ६ लिटर पाण्यात कालवून, बुंध्यापासून घेराच्या निम्म्या अंतरावर पहारीने १०-१२ सेंटिमीटर खोल अशी २५-३० भोके पाडून त्यांत सारखे वाटायचे. आधी तण काढावे, नाहीतर वाटा तणच घेते. मुसळधार पावसात देऊ नये, वाहून जाते. बुंध्याला लागून ओतणे तर वायाच, कारण पिणारी मुळे तिथे नसतात. हातमोजे घालावेत. हे मी प्रत्येक पाड्यावर सांगते आणि बहुतेक जण हसतात.

खरी अडचण पुढेच आहे. ही दवा मातीला धरून राहते, कधी काही महिने, कधी वर्षाहून जास्त. दरवर्षी तीच मात्रा दिली तर जुनी संपण्याआधी नवी चढते. पेरे आखूड होतात, पाने झुबक्याने येतात, मोहोराचे तुरे आखडून दाट होतात. जिबरेलिन नागलीलाही लागते, भाजीलाही लागते. त्यामुळे झाडाखालचे पीक बुटके राहू शकते. ज्याचा करार तीन वर्षांचा, त्याला तीन वर्षे भरपूर फळ हवे असते. चौथ्या वर्षी थकलेले झाड आणि ती माती कुटुंबाकडेच राहते.

म्हणून मी शेठला नाही म्हणा असे सांगत नाही. करारात तीन गोष्टी लिहून घ्या, असे सांगते. दवा कोणत्या झाडांना आणि किती मिली, हे मालकासमोर मोजून ठरेल. जास्त फळ देणाऱ्या झाडाला शेणखत आणि खतही जास्त लागते, त्याचा खर्च शेठ देईल. आणि ज्या वर्षी फूट आखूड दिसेल त्या वर्षी दवा बंद राहील. लिहिता येत नसेल तर केंद्रावर या, आपण बसून लिहू.

ज्यांच्या झाडाला आधीच जास्त दवा पडली आहे त्यांनी ते तोडायची घाई करू नये. दवा थांबवावी, आळ्यात भरपूर शेणखत घालावे, उन्हाळ्यात पाणी देता आले तर द्यावे, आणि झाडाखाली पेरणी एखादे वर्ष लांबच ठेवावी. नवी पालवी पुन्हा लांब पेऱ्यांची येऊ लागली की समजावे, मातीतला साठा ओसरतो आहे.