दोघांचा डाव आणि ग्रीक देव

वेरूळच्या रामेश्वर लेण्यांत शंकर आणि पार्वती फांशांचा खेळ मांडून बसलेलीं दिसतात. या खेळाची कथा स्कंदपुराणांत आहे. तींत शंकर हरतात, अंगावरचें सर्व गमावतात आणि रागावून वनांत निघून जातात. त्यांना परत आणण्यासाठीं पार्वतीला शबरीचें रूप घ्यावें लागतें. कथा देवांची असली तरी अनुभव घरोघरचा आहे. दोघांनीं पट मांडला म्हणजे हरणारा एकच असतो, आणि हरल्यावरहि त्याला त्याच घरांत राहावयाचें असतें. चौघांच्या पत्त्यांत पराभव जोडीदाराशीं वांटून घेतां येतो. दोघांच्या खेळांत तो सबंध एकाच्याच पदरीं पडतो.

खेळ फांशांचा असेल तर निदान दैवाला बोल लावण्याची सोय असते. बुद्धिबळांत तीहि नाहीं. तेथें सर्व कांहीं उघड्या पटावर घडतें आणि हरलेल्याला आपलीच बुद्धि थिटी पडली असें मानावें लागतें. घरांतलीं दोन माणसें सारख्या तयारीचीं क्वचितच असतात. एक नेहमीं जिंकतो, दुसरा नेहमीं हरतो, आणि थोड्याच दिवसांत पट कपाटावर चढून बसतो. दैवाची मदत न घेतां, कमी-अधिक तयारीच्या दोघांना एका पटाशीं बरोबरीनें बसवितां येईल काय? गॉर्डन हॅमिल्टन या कॅनडांतील गणितज्ञानें रचलेल्या ‘सँटोरिनी’ नांवाच्या खेळांत या प्रश्नाचें एक विचार करण्याजोगें उत्तर आहे, आणि तें ग्रीक पुराणांतील देवांच्या हातून दिलेलें आहे.

सँटोरिनी हें एजिअन समुद्रांतील एक ग्रीक बेट. ज्वालामुखीच्या प्राचीन स्फोटानें त्याचा मधला भाग समुद्रांत खचला आणि भोंवतीं उंच कड्यांची कोर उरली. या कड्यांवर पांढरीं घरें आणि मधून मधून निळे घुमट असलेलीं गांवें वसलेलीं आहेत. खेळाचा देखावा तोच. खेळ प्रथम २००४ सालीं निघाला. परंतु कड्यासारखा उंच उचललेला पट, पांढरे मजले, निळे घुमट आणि त्यांवर हिंडणाऱ्या रंगीत लहान मूर्ति हें सुबक रूप त्याला २०१६ सालच्या आवृत्तीनें दिलें.

पटावर पांच ओळींत पांच पांच अशीं २५ घरें असतात. प्रत्येक खेळाडूजवळ दोन गवंडी, त्यांत एक पुरुष व एक स्त्री. आपली पाळी आली म्हणजे दोन कामें करावयाचीं. प्रथम एका गवंड्याला शेजारच्या मोकळ्या घरांत न्यावयाचें. मग त्याच गवंड्यानें आपल्या शेजारच्या एखाद्या मोकळ्या घरांत एक मजला बांधावयाचा. आडवें, उभें, तिरपें, सर्व दिशांना चालतां व बांधतां येतें. चढतांना एका पावलांत एकच मजला चढावयाचा. उतरतांना कितीहि उतरावें. तीन मजल्यांवर घुमट बसला कीं तें घर कायमचें बंद झालें. जो आपल्या गवंड्याला दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेईल तो जिंकला. ज्याला चालून बांधणें अशक्य होईल तो हरला. नियम इतकेच आहेत, आणि ते समजावयास पांच मिनिटें पुरतात.

खेळाचें खरें मर्म असें कीं बांधलेल्या मजल्यावर कोणाचीहि मालकी नसते. स्वतःच्या चढण्यासाठीं उभारलेला जिना शेजारी उभा असलेला प्रतिपक्षी तितक्याच सहजतेनें चढूं शकतो. बांधलें नाहीं तर वर जातां येत नाहीं. बांधलें तर दुसऱ्यालाहि वाट मिळते. प्रतिपक्षी दुसऱ्या मजल्यावर उभा आहे आणि त्याच्या शेजारीं तिसरा मजला तयार आहे, असें दिसलें कीं धांवत जाऊन त्यावर घुमट ठेवणें भाग पडतें. इमारत पुरी करणें आणि वाट अडविणें हीं दोन्ही कामें तो एकच निळा घुमट करतो. परंतु शेजारीं असे दोन तिसरे मजले तयार असतील तर एका घुमटानें भागत नाहीं. घोड्यानें एकदम राजा व वजीर यांना धरावें तशी ही अवस्था होते.

या खेळांत बरोबरी संभवत नाहीं, याचें कारणहि पाहण्यासारखें आहे. पेटींत २२ पहिले मजले, १८ दुसरे, १४ तिसरे आणि १८ घुमट असतात; एकंदर ७२ तुकडे. मूळ नियमांप्रमाणें प्रत्येक पाळीस एक तुकडा पटावर चढतो आणि चढलेला पुन्हां उतरत नाहीं. अर्थात् डाव लांबवितां येतो, पण अनंतकाळ चालवितां येत नाहीं. बहुधा तो वीसएक मिनिटांत संपतो.

इथपर्यंत हा खेळ बुद्धिबळाचाच धाकटा भाऊ आहे, आणि बुद्धिबळाचा दोष त्यांतहि आहे. देव येतात ते यानंतर. प्रत्येक देवाचें एक पान असतें, आणि प्रत्येक देव आपल्या भक्ताला एकच नियम मोडण्याची मुभा देतो. ही मुभा त्या देवाच्या कथेशीं जुळविलेली आहे. खांद्यावर आकाश तोलणारा ॲटलास कोणत्याहि उंचीवर घुमट बसवूं देतो. लोहारकाम करणारा हेफेस्टस आपल्या बांधलेल्या मजल्यावरच दुसरा मजला चढवूं देतो. पिकांची देवता डिमीटर दुसरा तुकडा निराळ्या घरांत पेरूं देते. क्रीट बेटांतला वृषभमुख मिनोटॉर समोरच्याला धडक देऊन सरळ मागें ढकलतो, मात्र मागचें घर मोकळें असावें लागतें. बकऱ्याच्या पायांचा पॅन दोन मजले खालीं उडी मारूनहि जिंकूं शकतो. प्रोमीथियस या नांवाचा अर्थच पूर्वविचार. त्याचा भक्त, वर न चढण्याचें कबूल करील तर, चालण्याच्या आधींहि बांधतो आणि नंतरहि. अथीनाचा गवंडी वर चढला कीं पुढच्या पाळींत प्रतिपक्षाला चढण्याची बंदी होते. नवशिक्यांसाठीं असे दहा साधे देव ठरविलेले आहेत.

हे देव वांटण्याची रीत हा खेळाचा सर्वांत शहाणपणाचा भाग होय. एकानें दोन देव निवडून मांडावे. दुसऱ्यानें त्यांतला हवा तो घ्यावा. उरलेला पहिल्याच्या वांट्याला यावा. लाडवाचे दोन भाग एका भावानें करावे आणि आधीं दुसऱ्यानें उचलावें, हा घरांतला जुना न्यायच येथें लावला आहे. समजा, पत्नीला बुद्धिबळाची संवय आहे आणि पतीची मजल पत्त्यांपलीकडे गेलेली नाहीं. अशा वेळीं वांटणी पत्नीनें करावी. जोडी विषम लावली तर चांगला देव पतीच्या हातीं जाण्याचा संभव, म्हणून तिला आपलें कौशल्य समान जोडी शोधण्यांत खर्च करावें लागतें. पतीला देवांची पारख नसेल तर मात्र हा न्याय लंगडा पडतो; तेव्हां कोणता देव कसा उपयोगी पडतो हें तिनें आधीं मोकळेपणानें सांगावें.

तरीहि शंका उरते. जिंकलें तें माणूस कीं देव? तिचें निरसन करण्याचा उपाय सोपा आहे. डाव संपल्यावर देवांची अदलाबदल करून लागलीच दुसरा डाव मांडावा. दोन्ही डावांत अथीनाच जिंकली तर जोडी विषम होती असें समजावें. देव बदलूनहि तेंच माणूस जिंकलें तर अंतर खेळणाऱ्यांत आहे असें अनुमान करावें. दोनच डावांनीं निर्णय पक्का होत नाहीं. पण चार-सहा डावांनंतर चित्र स्पष्ट होऊं लागतें. हरणाऱ्याला बोल लावण्यासाठीं कोणी तरी मिळतें, आणि तो बोल खरा कीं खोटा हें पडताळतांहि येतें. फांशांना दोष देणाऱ्याला ही सोय कधींच नव्हती.

नवा खेळ घरीं आणणाऱ्या जोडप्यानें म्हणून घाई करूं नये. पहिले दोन-तीन डाव देवांवांचून खेळावे, म्हणजे कोणता नियम मोडला जातो याची गोडी पुढें कळते. मग साधे देव घ्यावे. अंतर फारच असेल तर जाणत्यानें देवाविना खेळावें आणि नवख्याला देव द्यावा. ही सवलत डावाच्या आधीं, दोघांच्या संमतीनें ठरवावी. मधल्या चालींत दया दाखवून मुद्दाम हरणें मात्र टाळावें. तें समोरच्याला कळतें, आणि प्रामाणिक पराभवापेक्षां तें अधिक लागतें.