नाणी खणणाऱ्यांचे ग्राफिक्स कार्ड : भाव कसा चढला, कसा पडला आणि आज घ्यावे काय पाहून

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम ज्या भागाकडे असते, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. साधारण विटेएवढे, दोन-तीन पंखे बसवलेले हे कार्ड मुळात गेम खेळणारे, व्हिडिओचे संपादन करणारे आणि इमारतींचे नकाशे काढणारे यांच्यासाठी तयार होते. परंतु २०१५ ते २०२२ या सात वर्षांत त्याला असे एक गिऱ्हाईक मिळाले, ज्याला पडद्यावरच्या चित्राशी काही देणेघेणे नव्हते. इथेरियम हे आभासी चलन खणणारी मंडळी ती हीच. त्यांनी वापरलेली कार्डे आजही जुन्या मालाच्या बाजारात फिरत आहेत. म्हणून हा माल कोठून आला आणि त्याचा भाव कशावर चढला-पडला, हे संगणकाच्या धंद्यातल्या आपल्या बंधूंनी जाणून घेणे इष्ट आहे.

खणणे म्हणजे येथे कुदळ-फावड्याचे काम नव्हे. चलनाच्या व्यवहारांची वही पक्की करण्यासाठी संगणकाकडून अवघड गणिते सोडवून घ्यायची आणि त्याबद्दल बक्षीस म्हणून नवी नाणी मिळवायची, असा हा प्रकार. बिटकॉइनसाठीही २०१० पासून ग्राफिक्स कार्डे वापरली गेली, पण २०१३ मध्ये त्याच एका कामासाठी बनवलेली यंत्रे आली आणि कार्डे मागे पडली. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या इथेरियमचे गणित मात्र कार्डावरच्या मेमरीवर अवलंबून ठेवलेले होते. त्यामुळे घरच्या खोलीत सहा-आठ कार्डांची उघडी चौकट मांडणाऱ्यालाही त्यात जागा मिळाली. (असे चलन कमावणे जायज की नाजायज, यावर उलेमांत एकमत नाही. या पानाचा विषय फक्त कार्डांचा आहे.)

या मंडळींनी कार्डाचा भाव ठरवण्याची आपली वेगळी रीत पाडली. गेम खेळणारा कार्डाचे नाव, रूप आणि वय पाहतो. खणणारा विचारी, मेगाहॅशमागे किती डॉलर पडले? मेगाहॅश हे गणिताच्या वेगाचे माप. आरएक्स ५८० हे आठ जीबी मेमरीचे कार्ड सुमारे ३० मेगाहॅश देई, आरटीएक्स ३०६० टीआय सुमारे ६०, तर आरटीएक्स ३०८० नव्वदीच्या पुढे जाई. कापडाचा भाव मीटरवर सांगावा तसा हा हिशेब. कार्ड कोणत्या कंपनीचे, खोके आहे की नाही, याला गौण स्थान. शेवटी कार्ड खणणाराच विकत घेणार, तोवर हे चालून गेले.

ओळख ना पाळख, हजार मैलांवरचा विक्रेता, अशा व्यवहारात फसवणूक टाळण्यासाठी काही रिवाज पडले होते. विक्रेत्याने मालाशेजारी आपले नाव व त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेला कागद ठेवून छायाचित्र काढायचे. मागचे सौदे ज्यांच्याशी झाले त्यांची साक्ष द्यायची. रक्कम मोठी असेल तर ती माल पोहोचेपर्यंत तिऱ्हाईताकडे ठेवायची. नाण्यांत चुकते केलेले पैसे परत मागता येत नाहीत, तेव्हा नवख्या विक्रेत्याला जाणते खरीददार नाण्यांत पैसे देत नसत.

आता मुद्द्याचा हिशेब. समजा एकाने कार्ड १५०० डॉलरला घेतले आणि वीज वजा जाता रोज ५ डॉलर सुटतात. मुद्दल फिटायला ३०० दिवस लागतील. पण तो म्हणे, कार्ड नंतर ६०० डॉलरला विकले जाईलच, म्हणजे ९०० डॉलरच वसूल करायचे, त्याला १८० दिवस पुरेत. बहुतेकांनी असाच हिशेब मांडला. त्यातली मेख अशी की रोजची कमाई आणि कार्डाचा विक्रीचा भाव हे दोन्ही एकाच नाण्याला बांधलेले होते. नाणे पडले की कमाई घटणार आणि त्याच आठवड्यात सगळेच कार्डे विकायला काढणार. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना हे समजावून सांगायला नको. काम मंदावते तेव्हा माग विकावासा वाटतो, आणि नेमका तेव्हाच तो भंगाराच्या भावाने जातो.

हे एकदा घडूनही गेले होते. जानेवारी २०१८ मध्ये १४०० डॉलरच्या आसपास गेलेले इथेरियमचे नाणे त्या वर्षाच्या डिसेंबरात शंभराच्या खाली आले. जुन्या कार्डांचा पूर आला आणि खुद्द एनव्हिडिया कंपनीकडे नवा माल पडून राहिला. खणणाऱ्यांमुळे किती विक्री झाली हे भागधारकांना नीट सांगितले नाही, या आरोपावरून अमेरिकेच्या रोखे नियामकाने मे २०२२ मध्ये कंपनीला ५५ लाख डॉलर दंड केला. आरोप मान्य वा अमान्य न करता कंपनीने तो भरला. खरी मागणी किती आणि फुगवटा किती, हे मोठ्यांनाही उघड करावेसे वाटत नव्हते असे दिसते.

तरी २०२० च्या अखेरीस तीच धाव पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलर किमतीने बाजारात आलेले आरटीएक्स ३०८० पुढच्या वर्षी हातोहात दुपटीहून अधिक भावाने विकले जात होते. गेम खेळणाऱ्यांची ओरड झाली, तेव्हा एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये आरटीएक्स ३०६० हे कार्ड खणण्याचा वेग निम्मा करणारा लगाम घालून आणले. पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरने तो लगाम चुकून सैल केला, हा वेगळाच विनोद. मे २०२१ पासून बाकीची कार्डेही लगामासह येऊ लागली. परिणामी नाव तेच, रूप तेच, पण लगामाविना असलेले जुने कार्ड नव्यापेक्षा महाग, अशी उलटी गंगा वाहू लागली. मे २०२२ मध्ये एका सॉफ्टवेअरने लगाम पूर्ण काढला आणि जुन्या कार्डासाठी दिलेला जादा पैसा बुडाला.

ज्यांनी तारखा पाहून विक्री केली ते बरे राहिले. इथेरियमच्या गणिताला लागणारी फाइल ठरलेल्या गतीने वाढत असे, आणि २०२० च्या अखेरीस ती चार जीबीच्या पलीकडे जाणार हे आधीच मोजता येत होते. चार जीबीची कार्डे त्या दिवसानंतर इथेरियमला निरुपयोगी, पण गेमला चालणारी. शहाण्यांनी ती काही महिने आधी गेम खेळणाऱ्यांना विकली. मोठा शेवट १५ सप्टेंबर २०२२ रोजी आला. त्या दिवशी इथेरियमने खणण्याची पद्धतच बंद केली. कार्डवाले उरलेल्या लहान चलनांकडे वळले, पण तिथे इतकी गर्दी झाली की बहुतेकांचे विजेचे बिलही निघेना.

या पडझडीतही सगळा माल सारखा पडला नाही. एनव्हिडियाने २०२१ मध्ये सीएमपी नावाची, खास खणण्यासाठीची कार्डे काढली होती. त्यांना पडद्याची तार जोडायला जागाच नव्हती. खणणे संपले आणि त्यांना विचारणारे जवळपास कोणी उरले नाही. साध्या कार्डाला मात्र गेमवाल्यांचे दुसरे गिऱ्हाईक होते, म्हणून ते स्वस्त झाले तरी विकले गेले. २४ जीबी मेमरीच्या आरटीएक्स ३०९० ला तर २०२३ पासून तिसरे गिऱ्हाईक मिळाले, घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करणारे.

घेताना काय पाहावे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये जुने कार्ड घेणाऱ्याने खणलेला माल सरसकट टाकाऊ समजू नये. जाणकार खणणारा व्होल्टेज उतरवून, एकसारख्या तापमानावर कार्ड चालवी. त्याने चिप सहसा खराब होत नाही. आधी झिजतात ते पंखे, आणि सुकते ते उष्णता वाहून नेणारे लेपन व पॅड. आरटीएक्स ३०८० व ३०९० यांची मेमरी विशेष तापते. कार्ड अर्धा तास पूर्ण भाराने चालवून मेमरीचे तापमान पाहावे. ते ११० अंशांच्या आसपास जात असेल तर पॅड बदलण्याचा खर्च भावातून कापून घ्यावा.

आरएक्स ५७० व ५८० या कार्डांचे बायोस खणण्यासाठी बदललेले असू शकते. मूळ बायोस परत टाकल्याशिवाय गेममध्ये कार्ड दगा देते. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ असे लिहिलेले कार्ड मुळात ५७० आहे, भाव त्याप्रमाणेच द्यावा. खोक्यावरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळवावा. नव्यासारखी चकचकीत दिसणारी मेमरी शंकेची मानावी. तापून पिवळट पडलेल्या चिपांवर रंग मारून विकल्याचे प्रकार २०२३ मध्ये ब्राझीलच्या दुरुस्ती कारागिरांनी उघडकीस आणले होते.

विकणाऱ्याने कार्ड किती महिने व कोणत्या कामाला चालले हे बिलावरच लिहून द्यावे. ऐब सांगून विकलेल्या मालाला भाव थोडा कमी येतो, पण गिऱ्हाईक भांडायला परत येत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदारासाठी आणखी एक गोष्ट. जुना माल घेऊन, त्याचे स्वरूप न बदलता विकला आणि खरेदीवर क्रेडिट घेतले नसेल, तर नियम ३२(५) प्रमाणे कर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतील फरकावरच लागतो. त्यासाठी खरेदीची पावती, देणाऱ्याची सही आणि कार्डाचा सीरियल नंबर जपून ठेवावा.