ओपन सोर्समध्ये नव्याला मुहूर्त कधी?

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या एखाद्या कारखान्यात महिन्याच्या 10 तारखेला हिशेब पाहणाऱ्याच्या टेबलाशी जरा उभे राहा. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-1 या विवरणपत्राची मुदत संपते. बिले जुळवण्याची घाई चालू असते आणि नेमके रात्रीच्या अपडेटनंतर रोजचे बटण जागेवर सापडत नाही. नवी सुविधा उत्तम असेल, पण तिची वेळ चुकली.

ओपन सोर्समध्ये ही वेळ साधणे आणखी कठीण. कोड कुणीही लिहून पाठवावा, हे या चळवळीचे मोठेपण आहे. पण एकदा स्वीकारला की तो वर्षानुवर्षे सांभाळायचा मूळ चमूने. लिहिणारा दुसऱ्या कामाला लागतो, बग मागे राहतात.

मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे उद्योगांसाठीचे सॉफ्टवेअर यातले आपल्या घरचे उदाहरण. हिशेब, साठा, उत्पादन यांच्या जोडीला त्यात शेती, आरोग्यसेवा, हॉटेल असे विभागही मूळ गाभ्यात आले होते. 2022 च्या 14 व्या आवृत्तीत ते बाहेर काढून स्वतंत्र ॲप केले गेले. त्याआधी 13 व्या आवृत्तीतच अपडेट करणाऱ्याला तशी पूर्वसूचना दिली होती. घेताना विचार हवा, तसा काढताना सौजन्य हवे.

काही सुविधांची तारीख मात्र कायदाच ठरवतो. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवरच्या उद्योगांपर्यंत पोहोचली. इथे पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहून चालत नाही. म्हणून भारतीय करांचे काम ‘इंडिया कम्प्लायन्स’ या वेगळ्या ॲपकडे गेले, हे योग्यच झाले. नियम बदलले की ते बदलते. गाभ्याला धक्का लागत नाही.

लिनक्स कर्नलची शिस्त याहून कडक. नवे घेण्याची खिडकी दोन आठवडे उघडी. मग साधारण सात आठवडे फक्त दुरुस्त्या. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपमध्ये मार्च आणि सप्टेंबरच्या आवृत्त्यांआधी पडद्यावरचा मजकूरही गोठवतात. मराठीत भाषांतर करणाऱ्यांना त्यामुळेच सवड मिळते.

हीच शिस्त धरून नाशिकमध्ये द्राक्षबागायतदारांसाठी सॉफ्टवेअर बनवायचे, तर पंचांग बागेचे धरावे. युरोपला जाणाऱ्या मालाला फवारणीची चोख नोंद लागते. त्या नोंदीची नवी पद्धत ऑक्टोबरच्या छाटणीआधी पारखून स्थिर झाली पाहिजे. जानेवारीत, माल निघू लागल्यावर, फक्त बग काढावेत.

आपल्या तरुण अभियंत्यांना आग्रहाने सांगावेसे वाटते: आधी एखादा जुना बग सोडवा. नवी कल्पना वेगळ्या ॲपमध्ये चालवून दाखवा. लिहिणाऱ्याखेरीज इतरांनी ती हंगामभर वापरली आणि सांभाळायला निदान दोन माणसे पुढे आली, की मगच गाभ्याचे दार ठोठावा. तोवर ‘अजून नाही’ म्हणणारा प्रकल्प नव्याचा वैरी नसतो. त्यावर पोट असलेल्यांची तो काळजी घेत असतो.