फोनवर सांगता येईल असा पत्ता

जाहिराती अडवणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन कुणाला सुचवायचं असेल, तर फायरफॉक्सवाल्याला त्याचा पत्ता फोनवरही सांगता येतो: अ‍ॅडऑन्स डॉट मोझिला डॉट ऑर्ग, पुढे स्लॅश देत फायरफॉक्स, अ‍ॅडऑन आणि शेवटी ‘यूब्लॉक-ओरिजिन’, मध्ये हायफन. क्रोमच्या दुकानात मात्र याच एक्स्टेन्शनची खरी ओळख सी, जे, पी, ए, एल, एच, डी अशी सुरू होते आणि बत्तिसाव्या अक्षराला संपते. ही अक्षरं ए ते पी या सोळांतलीच असतात. त्यातली बी, सी, डी, ई, जी आणि पी फोनवर जवळजवळ सारखीच ऐकू येतात, शिवाय एम आणि एनचा गोंधळ आहेच.

या विचित्र अक्षरमाळेमागे कारण आहे. प्रत्येक एक्स्टेन्शनला एक डिजिटल किल्ली असते आणि तिच्या सार्वजनिक भागावरून गणितानं ही ओळख काढली जाते. त्यामुळे दोन एक्स्टेन्शनची ओळख एकच निघण्याची भीती राहत नाही. संगणकाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ती आकडे आणि ए ते एफ या अक्षरांत लिहिता आली असती. पण तसं केल्यास कधीतरी नुसत्या आकड्यांचीच ओळख तयार होईल आणि काही सॉफ्टवेअर तिला आयपी पत्ता समजतील, म्हणून आकडे पूर्णपणे टाळले गेले. यंत्राची सोय चोख झाली. माणसासाठी गुगल पत्त्यात एक्स्टेन्शनचं नावही घालतं, पण ते गाळलं तरी पान उघडतंच. वाचणाऱ्याची नजर ज्या शब्दांवर जाते, त्यांच्यावर काहीच अवलंबून नाही, ही या रचनेतली मोठी उणीव आहे.

मोझिलाच्या पत्त्यांतही एके काळी नावांऐवजी आकडेच होते. ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ म्हणजे 1865, ‘फायरबग’ म्हणजे 1843. पुढे आकड्यांच्या जागी नावं आली. पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या अशा सुटसुटीत नावाला ‘स्लग’ म्हणतात. बदल करताना मोझिलानं जुने पत्ते मारून टाकले नाहीत. आकडा टाकला की वाचक आपोआप नावाच्या पत्त्यावर पोचतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच बजावलं होतं की, चांगले पत्ते बदलत नसतात.

हे पाळणं किती अवघड, ते वर्डप्रेसच्या प्लगइनमध्ये दिसतं. ‘योस्ट एसईओ’ हे लोकप्रिय प्लगइन आधी ‘वर्डप्रेस एसईओ’ या नावानं ओळखलं जाई. नाव बदलून वर्षं लोटली, तरी त्याचा स्लग आजही ‘वर्डप्रेस-एसईओ’च आहे. वर्डप्रेसवर प्लगइन मंजूर झालं की स्लग बदलता येत नाही. कोड ठेवायची जागा, वापरणाऱ्याच्या साइटवरचा फोल्डर, नव्या आवृत्तीची चौकशी, सगळं त्याच नावाला बांधलेलं असतं. म्हणून स्लग निवडताना आवृत्तीचा क्रमांक, वर्ष किंवा दुसऱ्या कंपनीचं नाव त्यात घालूच नये. शब्द जोडायला हायफन बरा. अंडरस्कोर वापरला तर लिंकखालच्या रेघेत तो दिसेनासा होतो. अक्षरं सगळी लहान लिपीतली ठेवावीत, कारण डोमेनच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नसला, तरी स्लॅशच्या पुढे अनेक सर्व्हर तो काटेकोरपणे धरतात.

सोप्या नावांना एक धोकाही असतो. 2017 मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या कोड-भांडारात ‘क्रॉस-एन्व्ह’ या वापरातल्या पॅकेजच्या नावातला फक्त हायफन काढून कुणीतरी जुळं पॅकेज ठेवलं. चुकून ते घेणाऱ्यांच्या संगणकावरची गोपनीय माहिती बाहेर पाठवली जात होती. उघडकीला आल्यावर ते काढून टाकलं गेलं. एका हायफनच्या फरकानं दुसरं नाव नोंदवता येऊ नये, ही जबाबदारी भांडार चालवणाऱ्यांचीच आहे. घाईत टाइप करणाऱ्यावर ती ढकलता येत नाही.

मराठी वाचकासाठी वर्डप्रेसनं छान वाट काढली आहे. डोमेनच्या आधी एम आणि आर ही दोन अक्षरं लावली की प्लगइनचं तेच पान मराठी विभागात उघडतं आणि स्लग जसाच्या तसा राहतो. अडचण येते ती मराठीतून नाव द्यायचं ठरवल्यावर. विकिपीडियाच्या पत्त्यात ‘पुणे’ लिहिता येतं, पण तो पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अनेकदा टक्क्यांच्या खुणांची रांग उमटते. देवनागरीतलं एकेक चिन्ह तिथे नऊ चिन्हांचं होतं. प, उकार, ण आणि मात्रा मिळून छत्तीस! देवनागरीतलं ‘डॉट भारत’ हे डोमेन 2014 पासून मिळतं, पण वर्डप्रेसच्या प्लगइनचा स्लग रोमनमध्येच लागतो. समजा, कुणी ‘शब्दकोश’ नावाचं प्लगइन केलं. रोमनमध्ये ‘द’नंतर ए लिहायचा की नाही, शेवटी एस एच की नुसता एस, यावर प्रत्येकाचं वेगळं मत असणार. अशा वेळी प्लगइनचं नाव पाच-दहा जणांना नुसतं ऐकवून टाइप करायला सांगावं आणि बहुतेकांच्या बोटांतून जे स्पेलिंग येईल, तेच स्लग म्हणून नोंदवावं.