इन्व्हर्टरची बॅटरी आणि आपला डोळा

सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज गेली की घरात बसवत नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमनाने आपल्याकडे अनेक घरांत इन्व्हर्टर आणला. पुढे भारनियमन कमी झाले, इन्व्हर्टर मात्र राहिला. कुठे जिन्याखाली, कुठे पलंगाशेजारी. पंखा मंदावला की घरातील कोणीतरी बॅटरीची बुचे उघडतो, आणि कधी कधी डोळा धरूनच दवाखान्यात येतो.

पाणी घालावी लागणारी ही बॅटरी साध्या पाण्यावर चालत नाही. तिच्यात पातळ केलेले गंधकाम्ल, म्हणजे आपले ॲसिड असते. सुती कपड्यावर पडले तर धुताना तेथे भोक पडते; मग बुबुळावरच्या नाजूक पारदर्शक पडद्याचे काय होत असेल? येथे डॉक्टरपेक्षा जवळचे पाणी मोलाचे. ॲसिड उडताच डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार सोडावी. बाधित डोळा खालच्या बाजूस ठेवावा, म्हणजे पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. पंधरा ते वीस मिनिटे, घड्याळ लावून. रुग्ण ओरडेल, पापणी मिटेल, तरी दुसऱ्याने ती धरून ठेवावी. त्यानंतर तडक नेत्रतज्ज्ञाकडे किंवा सिव्हिलमध्ये जावे. गुलाबपाणी, तूप, दूध, खाण्याचा सोडा यांपैकी काहीही घालू नये. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसते, म्हणून बॅटरीला हात लावण्यापूर्वी भरलेली बादली आणि तांब्या जवळ ठेवावा.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. चार्जिंगच्या अखेरीस बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो, आणि बॅटरी फुटून ॲसिड चौफेर उडते. हा वायू हलका, वर छताकडे जातो. म्हणून बॅटरी बंद कपाटात किंवा माळ्यावर नको. वर झरोका असलेली, उन्हापासून दूर, मुलांच्या हाताबाहेरची जमिनीलगतची जागा चांगली. देवघर, गॅस आणि विडी-काडी यांपासून ती लांबच बरी. पाण्याची पातळी पाहायला काडी पेटवणारे महाभाग मी पाहिले आहेत, बॅटरी (हातातली!) असताना काडी कशाला?

बॅटरीचा झटका फारसा लागत नाही, पण पाना किंवा बांगडी दोन्ही टर्मिनलना एकदम टेकली तर धातू क्षणात तापतो. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढूनच काम करावे. डोळे पूर्ण झाकणारा चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत. मेन स्विच बंद करावा. आत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही खुणेपर्यंतच. बोअरचे क्षारयुक्त पाणी नको आणि ॲसिड तर मुळीच नको. वायरिंग मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. नव्या लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही. पण ती फुगली किंवा तिला वास आला तर वापर थांबवून विक्रेत्याला बोलवावे.

ॲसिड सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मुलाने ते घेतलेच तर उलटी करवू नये. तोंड धुवून त्वरित रुग्णालयात न्यावे. जुनी बॅटरी अंगणात फोडू नये, आतील शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी.