कवंदीची फुले

गृहिणीच्या काटकसरीची खरी परीक्षा जीर्ण वस्त्रापाशी होते. जोयडा, हल्याळ, यल्लापूर या तालुक्यांतील सिद्दी स्त्रियांच्या हाती फाटलेल्या वस्त्राला दुसरा जन्म लाभतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या गोधडीचे नाव कवंदी. घाटावरील वाकळेचीच ती बहीण.

कवंदीची रीत साधी, परंतु विचाराची आहे. खाली जुनी साडी अंथरावयाची आणि कोपऱ्यापासून ठिगळे लावीत जावयाचे. चौकट नाही, यंत्र नाही. प्रत्येक ठिगळाची कड आत दुमडून धावदोरा सर्व थरांतून आरपार घालतात. त्यामुळे ठिगळ जोडणे आणि थर बांधणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात साधतात. टाके कडेकडेने फिरत मध्याशी येतात, तेथे शिवण संपते. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर पुष्कळदा क्रूसही असतो.

चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे एकावर एक शिवतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात. त्यांनी ऊब तसूभरही वाढत नाही. तरीही फुलांवाचून कवंदी उघडी, असे या स्त्रिया मानतात.

2004 साली मैनळ्ळी येथे त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदीला दूरची गिऱ्हाइके मिळाली. बाजारात स्वस्त चादर मिळते खरी. परंतु आजीचे लुगडे आणि नातवाचा सदरा तिच्यात शेजारी येत नाहीत. चिंध्या गरजेपोटी जमतात. फुले मात्र कोणतीही गरज मागत नाही. ती माणसाच्या स्वाभिमानातून उमलतात.